गोदीतील गुपित ते छांदिष्टांची शिकवण: लाकडी जहाज-प्रतिकृतींच्या छंदाचा इतिहास

लाकडी जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याच्या छंदाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा तयार प्रतिकृतींवर, त्यांच्या कोरीव कामावर आणि लिलावात त्यांना मिळालेल्या किमतींवर खिळून राहते; त्या घडविणाऱ्यांनी एकमेकांना काय शिकविले, अडलेल्याला कसा धीर दिला आणि एकाचे कसब दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, हा भाग मागे पडतो. वास्तविक या छंदाची सगळी भिस्त त्या देवाणघेवाणीवर आहे. लाकडी जहाज बांधण्याची विद्या शतकानुशतके गोदीच्या कुंपणाआड राहिली, बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून उमेदवाराकडे तोंडी जात राहिली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खऱ्या गोद्यांतून ती जवळजवळ नाहीशी होत असताना कारकून, शिक्षक, डॉक्टर आणि निवृत्त खलाशी यांनी ती घरातल्या टेबलावर पुन्हा जिवंत केली. हे स्थित्यंतर हाच या छंदाच्या इतिहासाचा गाभा आहे.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅथ्यू बेकर या राजसेवेतील जहाजबांधणीकाराने जहाजाच्या आकाराची भूमिती कागदावर उतरविण्यास आरंभ केला. त्याची आकृत्यांनी भरलेली हस्तलिखिते आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजमधील पीप्स ग्रंथालयात आहेत. ती छापण्यासाठी नव्हतीच. या धंद्यातील माणसाचे मोल त्याच्या गुपितावर ठरत असल्यामुळे सांगाड्याच्या वळणांचे गणित परक्याला दाखविणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणे होते. म्हणूनच सॅम्युअल पीप्स याची हकिकत महत्त्वाची ठरते. नौदलाच्या प्रशासनात नव्याने आलेला हा अधिकारी जहाजांविषयी जवळजवळ काहीच जाणत नव्हता. १६६२ साली त्याने कूपर नावाच्या एका दर्यावर्दी माणसाकडे शिकवणी लावली. त्याच्याकडून तो पाढे शिकला आणि जहाजाची प्रतिकृती समोर ठेवून जहाजाच्या भागांची नावेही शिकला. त्याच वर्षी वुलिच येथील गोदीतील अँथनी डीन याने त्याला लाकूड मोजण्याची रीत आणि त्या मोजणीतील लबाड्या उलगडून दाखविल्या. पुढे १६७० मध्ये पीप्सच्या विनंतीवरून डीनने जहाजाचा आराखडा काढण्याची संपूर्ण पद्धत लिहून काढली. धंद्याबाहेरच्या जिज्ञासूसाठी, त्याला समजेल अशा क्रमाने केलेले हे लेखन होते, आणि पुढे छांदिष्टांसाठी जी मार्गदर्शक पुस्तके झाली त्यांचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे बोट दाखविता येते. ते छापून प्रसिद्ध व्हायला मात्र १९८१ साल उजाडावे लागले. तोवर ते वाचायला सर्वात उत्सुक असलेला वर्ग प्रतिकृतिकारांचाच झाला होता.

पीप्सच्या काळातच नौदल मंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृतींची परंपरा इंग्लंडमध्ये रुजली. एक फुटाला पाव इंच, म्हणजे मूळ जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाइतके, हे त्यांचे सर्वसाधारण प्रमाण होते आणि आजही गंभीरपणे काम करणारे छांदिष्ट हेच प्रमाण पहिल्याने धरतात. बॉक्सवुड किंवा पेअर या बारीक पोताच्या लाकडात त्या घडविल्या जात, आणि पाण्याखाली जाणारा भाग फळ्यांनी न झाकता सांगाड्याच्या फासळ्या उघड्या ठेवल्या जात. या फासळ्यांची मांडणी खऱ्या बांधणीची हुबेहूब नक्कल नव्हती, तर एक ठरलेला संकेत होता, हे पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले. तरीही आतली रचना उघडी ठेवणारे काम कारागिराला लबाडी करू देत नाही, हा धडा छांदिष्टांनी याच प्रतिकृतींपासून घेतला. पीप्सनंतर नौदलाच्या प्रशासनात काम करणाऱ्या चार्ल्स सर्जिसन याच्या संग्रहातील अशा प्रतिकृती ससेक्समधील एका वाड्यात दीर्घकाळ राहिल्या आणि १९२०च्या दशकात हेन्री हडलस्टन रॉजर्स या अमेरिकन धनिकाने त्या विकत घेतल्या. १९३५ मध्ये त्याच्या मृत्युपत्रानुसार त्याचा सारा संग्रह अ‍ॅनापोलिस येथील अमेरिकी नौदल अकादमीकडे गेल्यानंतर अमेरिकेतील सामान्य हौशी माणसालाही सतराव्या शतकातील कारागिरांचे हात जवळून पाहता आले.

नेपोलियनकालीन युद्धांतील फ्रेंच कैद्यांची कारागिरी ही या इतिहासाची एक आडवाट आहे, पण ती टाळता येत नाही. पीटरबरोजवळील नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये उघडलेल्या छावणीत हजारो कैदी वर्षानुवर्षे अडकून पडले होते. जेवणातील मांसाची उरलेली हाडे उकळून, स्वच्छ करून त्यांनी जहाजे घडविली, केसांचे दोर वळले आणि दोरा ओढताच आत-बाहेर सरकणाऱ्या तोफाही बसविल्या. ही जहाजे छावणीच्या फाटकाशी भरणाऱ्या बाजारात विकली जात. आठवणीवर विसंबून आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे घडविल्यामुळे त्यांत प्रमाणबद्धता फारशी नाही. कामाची विभागणी मात्र विलक्षण होती: हस्तिदंती कोरीवकामाची परंपरा असलेल्या बंदरांतून आलेला कैदी आकृती कोरी, जहाजावर काम केलेला कैदी दोरकाम करी, आणि ज्याला यांतले काहीच येत नसे तो हाडे घासता घासता शिके. पोटासाठी केलेले काम आणि छंद यांत फरक असला, तरी परस्परांकडून शिकण्याचा हा प्रकार पुढच्या छंद-मंडळांच्या फार जवळचा आहे.

दरम्यान छापील ग्रंथांनी गोदीचे कुंपण हळूहळू ओलांडले होते. विल्यम सदरलँड याचे जहाजबांधणीवरील पुस्तक १७११ मध्ये, स्वीडनच्या फ्रेडरिक चॅपमन याचा व्यापारी जहाजांच्या आराखड्यांचा भव्य ग्रंथ १७६८ मध्ये, डेव्हिड स्टील याचा डोलकाठ्या, शिडे आणि दोरकाम यांवरील ग्रंथ १७९४ मध्ये, तर डार्सी लीव्हर याचे तरुण नौदल अधिकाऱ्यांसाठीचे सचित्र पुस्तक १८०८ मध्ये निघाले. हे सारे व्यावसायिकांसाठी लिहिलेले होते. एखाद्या दोराची जाडी किती असावी, तो कोठे सुरू होऊन कोठे बांधावा, याची स्टीलने दिलेली कोष्टके दीड-दोनशे वर्षांनी बाहुलीएवढ्या डोलकाठीवर दोरा चढविणाऱ्या माणसाच्या कामी येतील, असे त्याच्या मनातही आले नसेल.

छंदाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते १८९८ मध्ये. त्या वर्षाच्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी त्याच्या वाचकवर्गातून हौशी प्रतिकृतिकारांची संस्थाही उभी राहिली. आरंभी या नियतकालिकाचा भर वाफेच्या यंत्रांवर होता. पण वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची, एकाच्या अडचणीवर दुसऱ्याने सुचविलेला उपाय छापण्याची आणि नवख्याचे कामही आस्थेने पाहण्याची जी रीत त्याने पाडली, ती जहाजांच्या छांदिष्टांनी जशीच्या तशी उचलली. १९१० मध्ये नौकाविषयक संशोधनासाठी इंग्लंडमध्ये विद्वत्संस्था स्थापन झाली आणि तिचे ‘मरिनर्स मिरर’ हे नियतकालिक १९११ पासून निघू लागले. तिच्या आद्य सभासदांपैकी रॉबर्ट मॉर्टन नान्स यांनी १९२४ मध्ये शिडांच्या जहाजांच्या जुन्या प्रतिकृतींवर, तर आर. सी. अँडरसन यांनी १९२७ मध्ये सतराव्या शतकातील दोरकामावर पुस्तक लिहिले. अँडरसन स्वतः प्रतिकृती घडवीत असल्यामुळे त्यांच्या विद्वत्तेला हाताच्या अनुभवाची जोड होती. दोर नेमका कोठून जातो हे ज्याने स्वतः ओढून पाहिलेले नाही, त्याच्या वर्णनात हमखास एखादी गाठ सुटलेली राहते.

१९२०च्या दशकात या छंदाला एकाएकी भर आला, त्याची कारणे शोधणे कठीण नाही. शिडांची व्यापारी जहाजे डोळ्यांदेखत मोडीत निघत होती आणि त्यांवर काम केलेली शेवटची पिढी म्हातारी होत होती. १९२२ मध्ये नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ पोर्ट्स्मथच्या कोरड्या गोदीत घेऊन त्याच्या जतनासाठी वर्गणी सुरू झाली; त्याच वर्षी कॅप्टन विल्फ्रेड डाउमन यांनी ‘कटी सार्क’ हे चहावाहू क्लिपर, म्हणजे वेगासाठी बांधलेले निमुळते शिडाचे जहाज, पोर्तुगीज मालकांकडून परत विकत घेतले. अमेरिकेत ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेच्या डागडुजीसाठी शाळकरी मुलांनी नाणी जमविली. जे जहाज वाचविण्यासाठी आपण पैसे दिले, ते आपल्या हातांनी घडवून पाहावे असे हजारो घरांत वाटू लागले, आणि ते कसे घडवावे हे सांगणाऱ्यांची गरज निर्माण झाली.

ती गरज भागविणाऱ्यांत चार्ल्स जी. डेव्हिस यांचे स्थान वरचे आहे. त्यांनी तरुणपणी शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून केप हॉर्नला वळसा घातला होता आणि नंतर जहाजांचे आराखडे काढण्याचे काम केले होते. १९२५ मध्ये त्यांनी प्रतिकृती कशी घडवावी यावर पहिले पुस्तक लिहिले, आणि १९३३ मध्ये ‘लेक्सिंग्टन’ या दोन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाच्या निमित्ताने एकेक फासळी उभारून सांगाडा करण्याची पद्धत सविस्तर मांडली. ‘लेक्सिंग्टन’चे मूळ आराखडे उरलेले नसल्यामुळे त्यांची पुनर्रचना बरीचशी तर्कावर उभी आहे आणि इतिहास म्हणून ती जपून वापरावी लागते, पण ठोकळा कोरून जहाज करणाऱ्या हौशी माणसाला खऱ्या गोदीच्या क्रमाने जहाज बांधता येते, हा विश्वास देण्याचे काम त्या पुस्तकाने केले, आणि हे श्रेय पुराव्याच्या उणिवेपेक्षा मोठे मानले पाहिजे. याच सुमारास कॅप्टन ई. आर्मिटेज मॅकॅन यांनी ‘पॉप्युलर सायन्स मंथली’तून सोप्या जहाजांचे आराखडे आणि कृती देऊन हा छंद लाखो वाचकांपर्यंत नेला. इंग्लंडमध्ये मार्शल यांच्या प्रकाशनसंस्थेने १९३१ पासून केवळ जहाजे आणि त्यांच्या प्रतिकृती यांना वाहिलेले मासिक काढले.

या साऱ्या लेखनातील सल्ल्यांकडे बारकाईने पाहिले, तर तंत्राइतकेच मनाच्या तयारीलाही त्यांत स्थान असल्याचे दिसते. नवख्याने ‘व्हिक्टरी’ला हात घालू नये, हा उपदेश पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. शंभर तोफांचे, तीन डोलकाठ्यांचे हे जहाज अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात केले, तर त्याच्या तोफांच्या मजल्याचीच लांबी सुमारे ११८ सेंटिमीटर भरते, एकाच प्रकारचा भाग शेकड्यांनी करावा लागतो, आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळून बहुधा अर्धवट राहते. त्याऐवजी एका किंवा दोन डोलकाठ्यांची, थोड्या दोरांची होडी आधी पुरी करावी, असे जाणकार सांगतात, कारण पुरे झालेले लहान काम पुढच्या मोठ्या कामाचे बळ देते. जहाजाकडे एकच अवाढव्य काम म्हणून न पाहता प्रत्येक भाग हीच एक स्वतंत्र प्रतिकृती मानावी, आणि सांगाड्याचा कंटाळा आला की काही दिवस लहान होडी किंवा नांगर करीत बसावे, असेही सुचविले जाते. हे सल्ले वरवर साधे वाटतात. परंतु हा छंद सोडून देणारे कसब नसल्यामुळे क्वचित आणि धीर सुटल्यामुळे बहुधा सोडतात, हे ओळखूनच ते दिलेले आहेत.

धीर सर्वात आधी सुटतो तो फळ्या बसविताना. जहाजाचा घेर मध्यभागी सर्वात मोठा आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बराच लहान असल्यामुळे सारख्या रुंदीच्या पट्ट्या एकीखाली एक लावीत गेले की पुढच्या टोकाला त्या एकमेकींवर चढतात, कडेने वळायला नकार देतात आणि मोडतात. नवख्याला वाटते की लाकूड वाईट आहे किंवा आपल्या हातात कला नाही. खरे कारण एवढेच असते की प्रत्येक फळी पिंपाच्या फळीप्रमाणे मधे रुंद आणि टोकांना निमुळती तासायला हवी होती. त्यासाठी प्रत्येक फासळीवरचा घेर कागदाच्या पट्टीने मोजून, त्याचे फळ्यांच्या संख्येइतके सारखे भाग पाडून खुणा आधीच करून घेण्याची रीत सांगितली जाते. पुढे फळी तिच्या पूर्ण रुंदीच्या निम्म्याहूनही अरुंद होऊ लागली, तर दोन फळ्यांच्या जागी एकच रुंद फळी खाच पाडून बसवावी. मागच्या बाजूला घेर वाढून फट राहिली, तर तेथे पाचरीच्या आकाराची जादा फळी घालावी. फळ्या एका बाजूच्या सगळ्या आधी न लावता उजवीकडे एक, डावीकडे एक अशा क्रमाने लावाव्यात, नाहीतर ओढ असमान होऊन कणाच पिळतो. जाड लाकूड भिजवून किंवा वाफेवर मऊ करून वाकवावे, आणि चुकीची बसलेली फळी निःसंकोच काढावी, कारण जुना सरस ओल आणि उष्णतेने सुटतो, तर आजचा पांढरा डिंक अल्कोहोलने सैल पडतो. या शेवटच्या सल्ल्याने जेवढी जहाजे वाचली असतील तेवढी दुसऱ्या कशाने वाचली नसावीत.

दोरकामाचे शास्त्र याहून संथ आणि शांत आहे. दोरा मेणातून ओढून घेतला की त्याचे तंतू दबतात आणि तो लहान प्रमाणातही दोरासारखा दिसतो. बाजारातील दोऱ्यांची जाडी जुळत नसल्यामुळे अनेक जण लाकडी चात्यांचे छोटे यंत्र करून स्वतःचे दोर स्वतः वळतात. मोजमापाची शिस्तही येथेच कसाला लागते: मूळ जहाजात फळी ठोकण्याची दीड इंच जाडीची लाकडी खुंटी अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात एका मिलिमीटरपेक्षाही बारीक होते, आणि ती ठळक दिसेल एवढी जाड केली की सारी प्रतिकृती खोटी वाटू लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ब्रिटनमध्ये या विद्येचे दोन मोठे शिक्षक झाले. पेशाने डॉक्टर असलेल्या सी. नेपियन लाँगरिज यांनी १९३३ मध्ये ‘कटी सार्क’वर आणि १९५५ मध्ये ‘व्हिक्टरी’वर असे ग्रंथ लिहिले, ज्यांत मूळ जहाजाचे वर्णन आणि स्वतः केलेल्या प्रतिकृतीची कृती एकमेकींत गुंफलेली आहेत. हॅरल्ड अंडरहिल यांनी १९५८ आणि १९६० मध्ये दोन खंडांत फासळ्या-फळ्यांच्या बांधणीची आणि दोरकामाची संपूर्ण रीत ‘लिऑन’ या लहान व्यापारी जहाजाच्या आधारे शिकविली. प्रसिद्ध युद्धनौका सोडून साधे मालवाहू जहाज निवडण्यात अंडरहिल यांचा शहाणपणा दिसतो: वाचकाचे लक्ष सोनेरी नक्षीकडे न जाता सांध्यांकडे जाते.

अमेरिकेत १९४८ मध्ये ‘नॉटिकल रिसर्च गिल्ड’ ही प्रतिकृतिकार आणि संशोधक यांची संस्था स्थापन झाली. पुढच्या दशकांत इटलीतील मँटुआ, कोरेल, अमाती यांसारख्या उत्पादकांचे किट, म्हणजे कापलेले आडवे पडदे, पट्ट्या आणि तयार धातुकाम यांची पेटी, सर्वत्र मिळू लागले. त्यांतील ऐतिहासिक चुका पुष्कळ होत्या, तरी एरवी कधीच करवत हाती न घेतलेल्या असंख्य माणसांना त्यांनी या छंदाच्या दारात आणले, आणि त्यांच्या त्रोटक सूचनांमुळे अडलेल्यांना जुन्याजाणत्यांकडे जाणे भाग पडले. दुसऱ्या टोकाला पॅरिसचे वास्तुविशारद झाँ बुद्रियो यांनी १९७३ ते १९७७ या काळात चौऱ्याहत्तर तोफांच्या फ्रेंच जहाजाची फासळी न् फासळी चार खंडांत उलगडली, तर अमेरिकेतील हॅरल्ड हान यांनी जहाज उलटे ठेवून, प्रत्येक फासळीची टोके एका खाचांच्या पाटावर अडकवून सांगाडा बांधण्याची युक्ती लोकांपुढे ठेवली. या युक्तीने फासळ्या आपोआप सरळ रेषेत राहतात आणि एकट्या माणसाला सांगाडा सावरता येतो. हान यांनी ती स्वतःपुरती न ठेवता लेख, पुस्तके आणि आराखडे यांतून वाटली, म्हणूनच ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

या इतिहासाशी मुंबईचा संबंध दूरान्वयाचा नाही. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले आणि आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्याचा आराखडा मूळचा १७८२ मध्ये ब्रिटिशांनी पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच जहाजावरून घेतलेला. आणि मुंबईकडे धाडलेली त्याची पहिली प्रत ज्या ‘जावा’ नौकेवर होती, ती नौका डिसेंबर १८१२ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकल्यामुळे दुसरी प्रत पाठवावी लागली. अमेरिकन छांदिष्टांचे सर्वात लाडके जहाज आणि मुंबईचे सर्वात टिकाऊ जहाज यांची गाठ अशी कागदावरच पडली होती. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या मजल्याची लांबी अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. मात्र ते सागवानात करण्याचा मोह जाणकार टाळायला सांगतात, कारण सागाचे तंतू लांब आणि छिद्रे मोठी असल्यामुळे लहान प्रमाणात ते भरड दिसते. त्याच्या रंगाच्या जवळ जाणारे पेअरचे लाकूड अधिक खरे वाटते.

मराठी आरमाराच्या गुराबा आणि गलबतांची स्थिती वेगळी आहे. त्यांचे वर्णन परकीयांच्या लेखनात आणि चित्रांत सापडते. परंतु कोकणातील बांधणारे कागदावर रेषा न काढता नजरेने आणि हाताने बांधीत असल्यामुळे डीन किंवा चॅपमन यांच्यासारखे आराखडे त्यांच्या मागे उरले नाहीत, आणि आंग्र्यांच्या गुराबेची कोणतीही प्रतिकृती ‘लेक्सिंग्टन’प्रमाणेच तर्काचा आधार घेते. पतेमारी हे कोकण-मलबार किनाऱ्यावरचे मालवाहू जहाज मात्र सुदैवी ठरले. जॉन एडी या ब्रिटिश जहाजबांधणीकाराने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची मापे दिली, आणि फ्रेंच नौदल अधिकारी एदमाँ पारी याने १८४०च्या दशकात युरोपाबाहेरील नौकांवरच्या आपल्या ग्रंथात किनाऱ्यावरच्या अशा नौका मोजून रेखाटल्या; पुढे पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने युरोपाबाहेरील अनेक नौकांच्या प्रतिकृतीही करवून घेतल्या. सुमारे ७६ फुटांची पतेमारी अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात अवघी ४८ सेंटिमीटर भरते. तिला डोलकाठ्या थोड्या, परभाणावरची, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या वाशावरची, शिडे तिरकी, दोर मोजके आणि तोफा नाहीत. डेव्हिस यांच्यापासून हान यांच्यापर्यंतच्या शिक्षकांनी नवख्यासाठी पहिल्या जहाजाच्या ज्या अटी घातल्या त्या जवळजवळ सगळ्या ती पुऱ्या करते, आणि तिचे सांधे, वळणे आणि दोर यांची नावे अजूनही तोंडपाठ असलेले मिस्त्री रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांवर होड्या बांधीत आहेत, ज्यांच्याकडे छांदिष्टाला प्रश्न घेऊन जाता येते.